पश्चिमेकडे तोंड असलेलं जुनं घर : पैसे आधी कशावर घालायचे?

वावरधुरा (प्रश्न)

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, भोवती सगळी काळी जमीन. घराचे तीन भाग आहेत. पुढचा, रस्त्याकडचा म्हणजे पश्चिमेचा भाग २००९ मधला : २४ × २२ फूट स्लॅब, नऊ इंची विटेच्या दोन खोल्या. मधे जुन्या दोन खोल्या, वीस इंची मातीच्या भिंती, वर देशी कवेलू (कौलं). मागे स्वयंपाकघर १० × १४, टिनाचं.

तक्रारी अशा. स्लॅब दोन ठिकाणी गळते, गच्चीवर पाणी साचून राहतं. पुढच्या खोल्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत. एप्रिल-मे मध्ये त्या खोल्यांत रात्री अकरापर्यंत बसवत नाही. वानरं कवेलू फोडतात. वायरिंग जुनं, अर्थिंग नावालाच. घरात वयस्क आई-वडील आहेत.

बजेट अडीच लाख. अर्धे सोयाबीनचे, आता हातात आहेत. उरलेले कापूस-तुरीचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील. मिस्त्री म्हणतो मातीच्या खोल्या पाडा आणि स्लॅब मागे वाढवा. दुकानदार म्हणतो पीओपी करून एसी लावा. क्रम कसा लावावा?

लेव्हलट्यूब

भाऊ, पीओपी आणि एसी तूर्त बाजूला ठेवा. गळक्या स्लॅबखाली पीओपी केलं तर पहिल्या पावसात पिवळे डाग दिसतात आणि पुढच्या पावसात तुकडे खाली येतात. शिवाय गळती कुठून आहे ते मग दिसतही नाही.

ऊब कुठून येते ते आधी पाहा, क्रम त्यातूनच निघतो. आपण २० ते २१ अक्षांशावर. मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो आपल्याकडे याच दिवसांत येतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छतावर, आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पाच इंची स्लॅबमधून ऊब खाली उतरायला तीन-चार तास लागतात, नऊ इंची विटेच्या भिंतीतून सात-आठ तास. म्हणजे दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला छतातून खाली येतं आणि चारचं ऊन रात्री अकराला भिंतीतून. तुमची रात्री अकराची तक्रार इथून आहे. एसी लावला तर तो रात्रभर ही साठलेली ऊबच उपसत बसेल आणि बिल तुम्ही भराल.

माझा क्रम : आधी पाणी (पाया आणि गळती), त्यासोबतच वीज, मग छत पांढरं, मग पश्चिमेची सावली, मग हवेची वाट, आणि कूलर सगळ्यात शेवटी. वीज वर घेतली कारण कूलरच्या टिनाला करंट येऊन माणसं दगावतात, ते छत पांढरं करून थांबत नाही.

स्लॅबचं सांगतो. पाऊस संपून गच्ची सुकली की पन्हळींची तोंडं बंद करून दीड इंच पाणी भरा, दोन दिवस ठेवा. खालून ओल जिथे दिसेल तिथे खडूने गोल करा. बहुतेक वेळा गळती स्लॅबच्या मधून नसते. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून किंवा पन्हळीच्या पाइपाभोवतून असते. पाणी काढल्यावर तारेच्या ब्रशने घासा, पोकळ वाजणारा गिलावा काढून टाका. भेग असेल तिथे १० मिमी रुंद, १० मिमी खोल खाच मारून पॉलिमर मॉर्टर भरा. नुसतं सिमेंट घोळून भेगेवर सोडलं तर ते पुढच्या उन्हाळ्यात निघतं, कारण स्लॅब दिवसा ताणते, रात्री आकसते, आणि सिमेंटला ती ओढ सोसत नाही. कठड्याच्या सांध्यात चारही बाजूंनी तीन इंची वाटा (मसाल्याची गोलाई) काढा, सिमेंट-रेतीचा १:३ मसाला, बॅगेमागे २०० मिलि वॉटरप्रूफिंग लिक्विड.

उतार सगळा एकाच बाजूला काढू नका. २२ फुटांवर १०० ला १ म्हणजे अडीच इंचांपेक्षा जास्त उंची लागते. मधोमध पाठ (उंचवटा) काढून दोन्हीकडे ११-११ फूट उतरवलं तर सव्वा इंचात काम होतं आणि वजन निम्म्यावर येतं. दोन्ही बाजूंना चार-चार इंची पन्हळ हवी, तोंडाला जाळी. दोन इंची पाइप असतील तर ते कडुनिंबाच्या पानांनी तुंबणारच.

वरचा थर म्हणजे पांढरं अॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग. ५२८ चौरस फूट गच्ची आणि कठड्यावर फूटभर चढवायचे ९२, एकूण ६२० धरा. दोन जाड हातांना लिटरला ३० चौरस फूट पडतात. वीस लिटरची बादली पुरत नाही, २५ लिटर घ्या. सांध्यांत आणि भरलेल्या भेगांवर पहिल्या हाताच्या ओल्या थरात फायबरची जाळी दाबायची. काम सकाळी दहाच्या आत. तापलेल्या स्लॅबवर लावलं तर वरची साय सुकते, आत वाफ कोंडते आणि फोड येतात.

धुमस

लेव्हलट्यूब साहेबांचं छताचं पटलं, पण पहिला रुपया पायाभोवती घाला जी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग म्हणजे पाया हलतो आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेची माती आधी सुकते, मधली ओली राहते, म्हणून कोपरे खाली बसतात. स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग असती तर ते स्लॅबचं ताणणं-आकसणं म्हणून सोडून दिलं असतं. जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यातली उभी भेग तर राहणारच, तिला भरायच्या भानगडीत पडू नका, पट्टी मारून झाका.

या तिरप्या भेगा यंदा पक्क्या भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, आणि मधे दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून अंतर मोजून ठेवा. आता एकदा, मे अखेर एकदा, पुढच्या दिवाळीला एकदा. मे मध्ये रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर ती मातीची चाल आहे, पायाभोवतीचं काम झालं की ती कमी होते. पण दोन्ही ऋतूंत वाढतच गेली, किंवा ५ मिमीच्या वर गेली, तर इंजिनिअर बोलवा, मिस्त्री नको.

पायाभोवतीचं काम असं. भिंतीलगत साडेतीन फूट रुंद पट्ट्यात काळी माती सव्वा फूट खोल काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसने (ठोकणीने) ठोका. वर चार इंच काँक्रीट, १:३:६ (सिमेंट:रेती:गिट्टी). बाहेरच्या बाजूला उतार निदान दीड इंच. दर सात-आठ फुटांवर सांधा सोडा, आणि भिंत नि फरशी यांच्यात अर्धा इंच फट ठेवून डांबर भरा. मिस्त्री ही फट नेहमी सिमेंटने बुजवतो. मग फरशी हलली की भिंतीचा गिलावा सोबत ओढते.

तुमच्या पुढच्या भागाच्या तीन बाजू ६८ फूट. त्याला सिमेंट १० बॅग, २० मिमी गिट्टी पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), रेती अर्ध्या ब्रासच्या आत, मुरूम साडेतीन-चार ब्रास. न्हाणीचं आणि हातपंपाचं पाणी भिंतीजवळ जिरत असेल तर आधी नाली काढून लांब न्या, नाहीतर हे सगळं फुकट. कडुनिंब-पिंपळ वीस फुटांच्या आत नवीन लावू नका. असलेलं मात्र एकदम तोडूही नका. मुळांनी ओढलेली माती झाड गेल्यावर पाणी पिऊन फुगते, आणि भेगा उलट्या दिशेने येतात.

हे काम दिवाळीनंतर लगेच करा, जमिनीत ओल असतानाच. मे मध्ये भेगाळलेल्या जमिनीवर फरशी ओतली तर पहिल्या पावसात खालची माती फुगते आणि फरशी उचलते.

वावरधुरा

धन्यवाद दोघांना. दोन शंका. मिस्त्री गच्चीवर ब्रिकबॅट कोबाच (विटांचे तुकडे नि मसाल्याचा जाड थर) करा म्हणतो, "थंडही राहते आणि गळतही नाही." आणि मातीच्या खोल्यांचं काय? पाडाव्या का?

लेव्हलट्यूब

कोबा वाईट नाही, पण तो नव्या स्लॅबसाठी, जिथे डिझाइनमध्येच त्याचं वजन धरलेलं असतं. सरासरी चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं. तुमची गच्ची ४९ चौरस मीटर, म्हणजे दहा टनांच्या जवळपास. वावरायच्या गच्चीवर माणसं-सामान म्हणून आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोच धरतात. खेड्यातल्या २००९ च्या स्लॅबमध्ये सळई किती नि कुठल्या अंतरावर आहे, हे मिस्त्रीच्या आठवणीवर सोडायचं का? वर पाया आधीच हलतो आहे. मधोमध पाठ काढलेला पातळ थर याच्या निम्म्या वजनात बसतो.

कोबा थंड राहतो हेही अर्धंच खरं. तो ऊब उशिरा उतरवतो, थांबवत नाही. काळवंडलेला कोबा संध्याकाळऐवजी रात्री तापवेल, बस. पांढरा रंग ऊन आत शिरण्याआधीच परत पाठवतो. जुनी काळी पडलेली स्लॅब उन्हाचा तीन-चतुर्थांश भाग पिते, ताजा पांढरा थर उलट दोन-तृतीयांशाहून जास्त परत फेकतो. खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. आकडा छोटा दिसतो, पण पंख्याखाली झोप लागते की नाही ते त्यावरच ठरतं.

कोटिंगचे पैसे मार्चपर्यंत नसले तर यंदा चुना मारा. कळीचा चुना दहा किलो, लोखंडी ड्रममध्ये पाणी घेऊन त्यात थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यांत जातं. प्लॅस्टिकची बादली तर नकोच, वितळते. रात्रभर मुरू द्या, कापडातून गाळा, किलोभर फेव्हिकॉल घाला, दुधासारखं पातळ ठेवून दोन-तीन हात मारा. जाड एकच हात दिला की त्याचे पापुद्रे निघतात. हा चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीनंतर मारावा लागतो. आणि चुना मारलेल्या गच्चीवर पुढे कोटिंग करायचं असेल तर आधी तो पूर्ण घासून काढावा लागेल, नाहीतर कोटिंग चुन्यालाच चिकटतं आणि त्याच्यासकट सुटतं.

पांढरीमाती

मातीच्या खोल्या पाडू नका दादा! तुमच्या घरातली उन्हाळ्याची सगळ्यात चांगली जागा तीच आहे. वीस इंची मातीतून दिवसाचं ऊन आत यायच्या आधी रात्र होते. आई-बाबांची खाट एप्रिलपासून तिथे हलवली तर निम्मा प्रश्न आजच सुटतो. त्या पाडून स्लॅब वाढवली तर दुपारची थंड जागा जाऊन आणखी एक भट्टी पदरात पडेल, आणि अडीच लाख त्यातच संपतील.

या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. बाहेरून छान दिसतो, पण माती जमिनीतली ओल वर ओढते आणि सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा ढोलासारखा वाजू लागतो, मागची माती भुगा होते आणि एक दिवस सगळा पापुद्रा खाली येतो. आधीच केला असेल तर खालचे तीन फूट काढून टाका.

गिलाव्यासाठी काळी माती नको, तडकते. पांढरी किंवा पिवळी माती तीन घमेली, रेती एक ते दीड, गव्हाचा कुटार (भुसा) एक, शेण अर्धं. आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. कुटार मऊ पडून वास सुटला की मुरलं समजायचं. आधी हातभर जागेवर लावून बघा. सुकल्यावर तडे गेले तर रेती वाढवा, हात फिरवल्यावर झडली तर माती वाढवा. बाहेरून दोन फुटांपर्यंत पावसाचे थेंब उडतात, तिथे चुन्याची दर्जबंदी केलेला दगडी ओटा असला तर भिंत पन्नास वर्षं हलत नाही.

उधई (वाळवी) बघा. लाकडी खांबाच्या बुडाशी नि चौकटींना टोकून पाहा, पोकळ वाजलं तर औषध आधी, गिलावा नंतर.

आता वानरं. दर वर्षी कवेलू फेरायला (काढून पुन्हा रचायला) माणसं मिळत नाहीत आणि फेरून झाल्यावर आठ दिवसांत टोळी येऊन जाते, म्हणून लोक सरळ टिना टाकतात. टाका, पण कवेलू काढून त्याच वाशांवर नुसता टिन ठोकला की खोलीची सगळी थंडाई गेली. वर टिन, खाली निदान फूटभर पोकळी, आणि त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, त्यावर दोन इंच मातीची लिपाई. पोकळीची हवा दोन्ही तिकोनी भिंतींतल्या झरोक्यांतून बाहेर जायला हवी, झरोक्यांना बारीक जाळी. लिपाई करायच्या आधी वासे आणि मयाल (आडवी तुळई) तपासून घ्या, वजन त्यांच्यावर येणार आहे.

धुमस

ताईंच्या म्हणण्यात टिनाची जोड देतो. मे-जूनच्या वावधनात (वादळात) उडतो तो टिन कडेचाच असतो. वाऱ्याच्या बाजूच्या पहिल्या दोन ओळींना स्क्रू दुप्पट. स्क्रू टिनाच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारला तर तिथूनच गळतं. रबरी वॉशर हवाच, आणि तो पिळून पसरेपर्यंत आवळायचा नाही. खालीवर सहा इंच चढ, बाजूने दीड नागमोड (टिनाची लहर).

स्वयंपाकघराच्या टिनाला वरून प्रायमर आणि पांढरा, खालून चकाकणारी फॉइलची बबल शीट. शीट टिनाला चिकटवून लावली तर पैसे वाया, मधे इंचभर तरी हवा हवी. काही जण खालून तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या (तूर-कापसाच्या वाळक्या काड्या) बांधतात. थंड राहतं, पण चुलीवर आणि वायरिंगजवळ ते पेटायला ठिणगी पुरते. स्वयंपाकघरात नकोच.

न्यूट्रल

विजेबद्दल कोणी जास्त बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं अर्थिंग. अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर झाकणाची कुंडी. काळ्या मातीत एक गोम आहे : उन्हाळ्यात माती आकसून पाइपापासून सुटते आणि नेमक्या कूलरच्या दिवसांत अर्थिंग मरतं. म्हणून मार्च ते जून आठवड्यातून दोनदा कुंडीत बादलीभर पाणी. कूलरच्या पाण्याचा निचरा तिकडेच वळवला तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. मोजणी ५ ओहमच्या आत आली पाहिजे. वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या. बल्ब पेटवून दाखवला म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही.

दुसरं, मेन स्विचनंतर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एमसीबी (जास्त लोडवर पडणारा स्विच) वायर वाचवते, माणूस वाचवते ती आरसीसीबी. कूलरच्या पंपाचं इन्सुलेशन पाण्यात कुजतं, टिनाच्या बॉडीत करंट उतरतो, आणि पाणी भरायला गेलेला ओल्या हाताने तिला धरतो. प्लग तीन पिनचा, बॉडीला स्वतंत्र हिरवी वायर. पाणी भरताना नुसता स्विच बंद नाही, प्लग काढून.

वायर तांब्याची : दिवे-पंख्यांना १.५, कूलर-फ्रिजच्या प्लगला २.५, पुढेमागे एसी येणार असेल तर त्या भिंतीत आत्ताच ४ स्क्वेअर मिमीच्या वायरीसाठी पाइप टाकून ठेवा. गिलाव्याच्या आधी. जुनी अॅल्युमिनियम वायर तांब्याला पिळून जोडू नका, सांधा तापतो. आणि पंखे बदला. साधा जुना ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा पंखा) तीस-पस्तीस. शिवाय आपल्याकडे मे मध्ये व्होल्टेज पडतं तेव्हा साधा पंखा रांगतो, बीएलडीसी चालत राहतो.

आता कूलर. लोक तो आत ठेवतात आणि खिडक्या लावून घेतात, मग "कूलर काम करत नाही". ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली म्हणजे न्हाणी. कूलर बाहेर, सावलीत, शक्यतो उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीला. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी फटभर उघडी. दर १००० सीएफएमला (मिनिटाला इतके घनफूट हवा) दोन चौरस फूट उघडी जागा धरा. १२ × १४ ची, दहा फूट उंच खोली म्हणजे १६८० घनफूट. दोन मिनिटांत एकदा हवा बदलायची तर ८४० सीएफएम खरे लागतात. पेटीवरचा आकडा ताटीशिवाय (कूलरच्या ओल्या जाळीशिवाय) मोजलेला असतो, म्हणून दीडपट घ्या.

४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताटीचा कूलर २७ अंशांच्या आसपास हवा देतो. तोच कूलर मृगानंतर ३६ अंश आणि ६० टक्क्यांत ३१ ची ओली हवा देतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. एवढ्या हवेला पाणी तासाला दहा लिटर उडतं, रात्रीचे शंभर. गावात टँकर चालू असतो तेव्हा हा हिशेब आधी मांडा. छत पांढरं केलेल्या खोलीत कूलर कमी तास चालतो, पाणी तिथे वाचतं. बोअरचं पाणी जड असेल तर आठवड्यातून दोनदा टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर हनीकोंब ताटीवर पांढरा थर बसून हवा अडते. टाकी कोरडी करून घासल्याने डेंगूचे डासही थांबतात.

लेव्हलट्यूब

पश्चिमेचं राहिलं होतं. मिस्त्री सज्जा वाढवायला सांगेल, तिथे पैसे घालू नका. चार-पाच वाजताचा सूर्य इतका खाली असतो की दोन फुटी सज्जाची सावली खिडकीच्या वरच्या चौकटीपुरती पडते. पश्चिमेला उभी आड लागते, आणि ती भिंतीच्या बाहेर. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे बांबूचा सांगाडा, त्यावर ७५ टक्क्यांची ग्रीन नेट किंवा तट्टे. अंतर महत्त्वाचं, मधून हवा वर निघून गेली पाहिजे. भिंतीला खेटून लावलेली नेट स्वतः तापून भिंतीला तापवते. नेट खालून दोरीच्या फासाने बांधा, खिळ्याने नाही. वादळाचं वाटलं की पाच मिनिटांत गुंडाळता येते. पुढे ओटा असेल तर कायमची छपरी काढा, आठ फूट खोल, पण छपरीचा टिन भिंतीत घुसवताना सांध्यावर फ्लॅशिंग पट्टी हवी. भिंतीचा बाहेरचा रंगही फिका घ्या. हल्ली गर्द जांभळा-भगवा लावायची हौस आहे, ती पूर्वेच्या भिंतीवर भागवा.

खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद, रात्री आठनंतर सगळ्या उघड्या. त्यासाठी गज आणि डासांची जाळी दोन्ही हवेत, नाहीतर रात्री कोणी उघडत नाही. स्लॅबच्या खाली फूटभरावर समोरासमोर दोन झरोके पाडा, दीड बाय एक फूट. स्लॅबला चिकटलेली गरम हवा तिथून निघते. झरोका पाडताना तिरपी भेग असलेला कोपरा टाळा.

हळद्या

मधेच विचारतो. गच्चीवर सोलर बसवलं तर सावलीही होते ना? मग कोटिंगचा खर्च कशाला?

लेव्हलट्यूब

सावली होते, पण तीन किलोवॉटचे पॅनल तुमची सगळी गच्ची झाकत नाहीत, आणि त्यांच्या खालून पाऊस जातोच. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा, असं जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान मिळतं. घ्यायचंच असेल तर क्रम लक्षात ठेवा : आधी गळती नि कोटिंग, नंतर पॅनल. पॅनलवाला स्लॅबला भोकं पाडून अँकर मारायला निघतो. त्याला काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभा करायला सांगा, ठोकळे कोटिंगच्या आधी ओतून घ्या. नंतर पॅनलखाली वाकून गळती शोधणं फार जिकिरीचं.

धुमस

वावरधुरा भाऊ, आता तुमच्या पैशाच्या हिशेबाने. सोयाबीनच्या सव्वा लाखातून : नाली आणि पायाभोवतीची फरशी, गच्चीच्या सांध्यांची नि उताराची दुरुस्ती, अर्थिंग-आरसीसीबी-वायरिंग. सिमेंटची सगळी कामं डिसेंबरअखेर संपवा. कापूस वेचणी जोरात असेल तेव्हा मजूर मिळत नाही, म्हणून मिस्त्रीला दिवाळीतच सुपारी द्या. सिमेंटला दहा दिवस पाणी मारायला लागतं. थंडीत ते सकाळ-संध्याकाळ भागतं, एप्रिलमध्ये दर दोन तासांनी मारूनही गिलावा तडकतो.

फेब्रुवारी-मार्चच्या पैशातून गच्चीचं कोटिंग, पश्चिमेची आड, झरोके-जाळ्या, स्वयंपाकघराचा टिन. कूलर होळीनंतर, यातून जे उरेल त्यात. मातीच्या खोल्यांवरचा टिन नि तट्ट्यांचं छत यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. यंदा फक्त कवेलू फेरून घ्या, मृगाच्या पंधरा दिवस आधी. गच्चीच्या पन्हळी त्याच दिवशी साफ.

वावरधुरा

सगळं समजलं. भेगांना खिळे ठोकले, माप लिहून ठेवलं : पुढच्या खोलीत ३ मिमी, दुसरीत २. एकच विचारतो, आरसीसीबी बसवल्यावर सारखी ट्रिप होते असं शेजारचे म्हणतात, म्हणून त्यांनी काढून टाकली.

न्यूट्रल

काढू नका. सारखी ट्रिप होते म्हणजे घरात कुठेतरी खरोखर गळती आहे, किंवा वायरमनने एखाद्या खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला जोडला आहे. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिथे पडेल ते सर्किट. त्यातले प्लग एकेक काढून बघा. बहुतेक वेळा कूलरचा पंप नाहीतर गिझर निघतो. सर्व प्लग काढूनही पडत असेल तर भिंतीतली वायर ओली आहे नाहीतर न्यूट्रल चुकीचा जोडलेला आहे, गळक्या स्लॅबखालच्या पाइपात आधी बघा. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा; दाबल्यावर पडली नाही तर ती बदलायची.